आफ्रिकेत राहिलेल्यांनो, पहिल्यांदा कशात फसलात?

दार-ए-सलामला येऊन मला चार वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात घरची वीज गेली. वायरमनने सांगितलं, 'केशो, सा न्ने.' केशो म्हणजे उद्या, न्ने म्हणजे चार, एवढं मोबाइलवरून शिकले होते. ऑफिसातून लवकर निघून दुपारी चारला घरी येऊन बसले. तो बिचारा सकाळी दहालाच दार वाजवून गेला होता. स्वाहिलीत तास मोजतात ते सूर्य उगवल्यापासून: सातला एक, दहाला चार. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने सहा-साडेसहालाच उगवतो, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. माझी आजी घटका अशाच मोजायची, ते आठवेपर्यंत दोन रात्री अंधारात गेल्या होत्या.

तर आपापली फजिती लिहा. सफारीचे फोटो नकोत. आणि नुसतं 'आफ्रिकेत' नको, ५४ देश आहेत, गाव सांगा.

आंबोळी
अदिस अबाबा. कॉलेजात शिकवायला गेलो. मी शाकाहारी, म्हणून आईने मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ असं बॅग फुटेस्तोवर भरून दिलं. तिथे कळलं, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी-शुक्रवारी उपास करतात आणि उपासाला मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. हॉटेलात 'त्सोम' म्हटलं की ताटभर डाळी-भाज्या. त्यातला 'शिरो' म्हणजे सरळ आपलं पिठलं, फक्त बर्बरे मसाल्याने लाल झालेलं. खाली इंजेरा, म्हणजे आंबट, जाळीदार धिरडं.

फसलो भलतीकडेच. सहकाऱ्याकडे जेवताना त्याच्या आईने इंजेऱ्यात शिरो गुंडाळून घास थेट माझ्या तोंडाशी आणला. याला गुर्शा म्हणतात, नाही म्हणायचं नसतं. घास एवढा मोठा की डोळ्यांत पाणी आलं. मुंजीतल्या मातृभोजनानंतर मला कुणी भरवलं नव्हतं.

इस्त्रीवाली
कंपाला. कपडे बाहेर वाळवले की इस्त्री करायचीच, आतल्या कपड्यांना, टॉवेललासुद्धा. मँगो फ्लाय ओलसर कापडावर अंडी घालते, अळी कातडीत शिरते. शेजारणीने बजावलं होतं, मी हसले. पंधरा दिवसांनी पाठीवर गळू, मधोमध बारीक छिद्र, आणि आत काहीतरी वळवळतंय! तिनेच वर व्हॅसलीन थापलं, अळी श्वासासाठी वर आली तशी दोन अंगठ्यांनी दाबून काढली. पुण्याला आले तरी मी चादरींना इस्त्री करते. सासूबाईंना कारण सांगितलेलं नाही.

भाचा
नैरोबी, २०११. कोपऱ्यावरची 'मामा म्बोगा', म्हणजे भाजीवाली, सुकुमा विकी या पालेभाजीची जुडी हातातच धरून सुरीने दोऱ्यासारखी बारीक चिरून द्यायची. मी हजाराची नोट पुढे केली तर म्हणाली, सुट्टे नाहीत, एम्पेसा कर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठव. फोन तिचा साधा, बटणांचा. एम्पेसा तिथे २००७ पासून आहे, आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ला. 'कुठे मागासलेल्या देशात चाललास' म्हणणाऱ्या मामांना हे मी अजून ऐकवतो.

तळ्याकाठी
म्वांझा, टांझानिया. माझं एवढं गोड नाही. इथे आपण 'मुहिंदी', आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार नाहीतर साहेब, हे धरूनच चालतात. सुरुवातीला वाटायचं, लोक तुटक वागतात. सहा महिन्यांनी लक्षात आलं, तुटक मीच. दुकानात शिरल्या शिरल्या 'सुकारी किलो मोजा!' (मोजा म्हणजे एक, पण मला मराठीच वाटायचं.) दुकानदार शांतपणे विचारायचा, 'हबारी या असुबुही?' सकाळ कशी गेली, घरचे कसे, काम कसं, एवढं झाल्याशिवाय त्याचा हात साखरेकडे जायचा नाही.

आमच्या कंपाउंडातले काही जण वीस वर्षं राहून स्वयंपाकाच्या बाईला हुकूम सोडण्यापुरतंच स्वाहिली बोलतात, आणि वर 'हे लोक मिसळत नाहीत' म्हणतात. यावरही लिहा कुणीतरी.

आकुर्डीकर
दार-ए-सलाममध्ये रिक्षाला 'बजाजी' म्हणतात. उतरल्या उतरल्या ऐकलं आणि घरची आठवण यायची ती थेट कारखान्याच्या गेटची आली.

(धागाकर्ती)
तळ्याकाठी, पटलं. मीही वायरमनला हबारी न विचारताच 'वीज कधी येणार' म्हणाले होते. आता सगळ्यांना विचारते. पण काल लिफ्टमध्ये एका कॉलेजच्या पोराने मलाच 'शिकामो' म्हटलं. ते वडीलधाऱ्यांना म्हणतात. मी पस्तिशीची आहे! पहिल्यांदा 'काकू' ऐकलं होतं तेव्हासारखंच लागलं. 'मराहाबा' म्हणाले आणि दोन मजले आधीच उतरले.