हिंजवडीत डेटा सेंटर खुशाल येऊ दे, पण पाण्याचा आकडा सांगा

वाकडचा वहीवाला

ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरचं एआय केंद्र जाहीर केलं. डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने भारतासाठी साडेसतरा अब्ज डॉलर सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी ॲमेझॉनने २०३० पर्यंत ३५ अब्ज. बातम्या वाचताना वाटतं, हे सगळं कुठेतरी लांब चाललंय. तसं नाही. मायक्रोसॉफ्टचं मध्य भारताचं क्लाउड केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे आणि २०२४ मध्ये कंपनीने हिंजवडीत सोळा एकरांवर जागा ५२० कोटींना विकत घेतली.

मी विरोधात नाही. माझं घर याच धंद्यावर चालतं. माझा प्रश्न फक्त पाण्याचा आहे. ही केंद्रं म्हणजे डेटा सेंटर, दिवसरात्र चालणाऱ्या संगणकांनी (सर्व्हरनी) भरलेल्या इमारती, आणि ते संगणक गार ठेवायला पाणी लागतं.

आमच्या सोसायटीत टँकरची वही मी लिहितो. पहाटे साडेपाचला गेटवर पहिला हॉर्न वाजतो. वॉचमन टाकीत काठी सोडतो, ओली खूण कुठवर आली ते बोटाने दाखवतो. टँकरच्या व्हॉल्व्हला गुंडाळलेल्या फडक्यातून पाणी ठिबकत असतं, त्याखाली कोणीतरी बादली लावून ठेवलेली असते. मी वेळ लिहितो, गाडीचा नंबर लिहितो, सही घेतो. गेल्या एप्रिलात एका दिवसात अकरा खेपा झाल्या, प्रत्येकी दहा हजार लिटर. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी आहे. आम्ही बादलीभर पाण्याचाही हिशेब ठेवतो. मग एका डेटा सेंटरला रोज किती पाणी लागतं, हे विचारलं तर चुकलं कुठे?

अमेरिकेत ऑरेगन राज्यात द डॅल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गूगलच्या डेटा सेंटरला किती पाणी जातं, असं एका वृत्तपत्राने विचारलं. आकडा हे कंपनीचं व्यापारी गुपित आहे म्हणून नगर प्रशासनच कोर्टात गेलं. तेरा महिने भांडण चाललं. डिसेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने माघार घेतली, तेव्हा कळलं की गावाच्या एकूण पाण्यातलं पाव हिश्शाहून जास्त पाणी एकटी कंपनी घेते. गावकऱ्यांना हे आधी माहीतच नव्हतं. माझ्या गावात असं व्हायला नको.

हिशेबनीस

तुमची कळकळ पटते, पण भीती आकड्यांवर टिकत नाही. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की कूलिंगसाठी पाणी वाफेत न घालवणाऱ्या नव्या रचनेमुळे एका डेटा सेंटरमागे वर्षाला साडेबारा कोटी लिटरहून जास्त पाणी वाचेल. म्हणजे जुन्या पद्धतीचा खर्च साधारण त्या घरातला धरू. आता उसाकडे बघा. पाटाने भिजवला तर हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी पितो. साडेबारा कोटी म्हणजे सव्वासहा हेक्टर, म्हणजे पंधरा एकर. हिंजवडीच्या त्या सोळा एकरांत ऊस लावला असता तरी एवढंच पाणी गेलं असतं.

पुण्याची चार धरणं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी साठा होतो. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. त्यात साडेबारा कोटी शोधून सापडत नाहीत. जिथून खरी गळती आहे ती सोडून तुम्ही काचेच्या इमारतीवर दगड मारताय.

वाकडचा वहीवाला

दगड मारत नाहीये, मीटर बघू द्या म्हणतोय. तुमचाच आकडा घेतो. वर्षाला साडेबारा कोटी म्हणजे रोज जवळजवळ ३ लाख ४२ हजार लिटर, म्हणजे चौतीस टँकर. माणशी १३५ लिटर धरले तर अडीच हजार माणसांचं पाणी झालं. चार धरणांच्या बेरजेत ते दिसणार नाही, पण वाकड-हिंजवडीला त्या धरणांचं पाणी येतच नाही, आम्हाला पवना धरणाचं येतं. शिवाय ऊस कालव्याचं पाणी पितो. डेटा सेंटरला शुद्ध केलेलं, पिण्याच्या लायकीचं पाणी देणार की सांडपाणी शुद्ध करून देणार, हे तरी कुणी सांगितलंय का?

चिलरवाला

मी कूलिंगच्या कामात बारा वर्षं आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. दोघांच्याही हिशेबात एक गोष्ट सुटली, ती म्हणजे महिना.

जुन्या पद्धतीत छतावर कूलिंग टॉवर असतात. सर्व्हरची उष्णता घेऊन आलेलं पाणी वरून जाळीवर पडतं, पंखा खालून हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होऊन परत खाली जातं. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. ते मागे साचतात, पाणी जड होतं, पाइपांत पांढरी खपली धरते. म्हणून क्षार मोजणाऱ्या मीटरचा काटा ठरल्या रेषेवर गेला की ते पाणी सोडायचं आणि नवं भरायचं. कामाला लागल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी टॉवरखालच्या हौदाशी उभा असायचो. फ्लोटचा व्हॉल्व्ह मिटायचाच नाही, नवं पाणी अखंड धो-धो आत यायचं.

जुलैत हवा दमट असते, वाफ फार होत नाही. मार्च ते मे पुण्याची हवा कोरडी आणि उन्हं कडक, तेव्हा टॉवर सगळ्यात जास्त पाणी ओढतात. धरणं तळाला जातात ते हेच महिने. वर्षाचा आकडा भागिले ३६५ केलं की हे झाकलं जातं.

नव्या रचनेत पाणी बंद नळ्यांतून फिरतं, एकदा भरलं की झालं. पाणी वाचतं, पण उष्णता बाहेर टाकायला वीज थोडी जास्त लागते.

निवृत्त वीजवाला

वीज जास्त लागते म्हणालात, तिथेच थांबतो. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची कमाल मर्यादा घातली आहे. दहा मेगावॉटचं डेटा सेंटर चोवीस तास पूर्ण भाराने चाललं तर २ लाख ४० हजार युनिट. सगळी वीज कोळशाची धरली तर रोज ८ लाख ४० हजार लिटरपर्यंत पाणी, तेही पुण्यात नाही. ते जातं चंद्रपूर, परळी, कोराडीकडे. परळीचं केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हे आमच्या खात्यातला कोणी विसरलेला नाही. पुण्याच्या टाकीत वाचलेलं पाणी मराठवाड्याच्या धरणातून गेलं तर ते वाचलं कसं म्हणायचं?

हिशेबनीस

काका, साडेतीन ही कमाल मर्यादा आहे आणि सगळी वीज कोळशाची नसते. या कंपन्या सौरऊर्जा विकत घेतात. मायक्रोसॉफ्टने तर सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत थ्री माईल आयलंडची बंद अणुभट्टी पुन्हा सुरू करण्यासाठी वीस वर्षांचा करार केला.

निवृत्त वीजवाला

सौर रात्री नसतं आणि सर्व्हर रात्री झोपत नाहीत. रात्रीचे युनिट कुठून येतात, तेवढं सांगा.

मावळची लेक

पवनेचं नाव निघालं म्हणून लिहिते. धरणातलं पाणी नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावर महापालिका उचलते. वाटेत आमची गावं त्याच नदीवर मोटारी लावून जगतात. धरणापासून थेट बंद नळातून पाणी न्यायचं ठरलं तेव्हा माणसं रस्त्यावर आली. ९ ऑगस्ट २०११ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पोलिसांचा गोळीबार झाला, तिघे गेले, त्यात एक बाई होती. मी तेव्हा आठवीत होते. आमच्या गल्लीतल्या चुली त्या दिवशी पेटल्या नाहीत.

हिशेबनीस दादा, साडेबारा कोटी लिटर धरणात शोधून सापडत नाही असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे पाण्याचा एवढासा वाटाही कुणी न विचारता हलवला तर माणसं उभी राहतात. आधी विचारा, मग न्या.

हिशेबनीस

ताई, तो दिवस मलाही आठवतो. माझा तो शब्द कोरडा होता, मागे घेतो. गणित मात्र मागे घेत नाही.

गणेशखिंडकर

अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा १९८८ मध्ये याच पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा देशी महासंगणक तयार झाला. संगणनाची ताकद आपल्या जमिनीवर असणं म्हणजे काय, हे पुण्याला कुणी शिकवायला नको. आज ही केंद्रं आपण पाणी-पाणी करून परतवली तर ती विशाखापट्टणमला, हैदराबादला जातील. आपली मुलं, आपली इस्पितळं, आपली मराठी, सगळं दुसऱ्याच्या यंत्रावर भाड्याने राहील. मला त्याची भीती जास्त वाटते.

वाकडचा वहीवाला

परम आपला होता, सर. हिंजवडीतल्या यंत्रांची मालकी कंपनीकडेच राहणार आहे, तेव्हा भाडं तर आहेच. रोजगाराचंही तसंच. इमारत बांधताना हजार हात लागतील, नंतर तिथे मोजकीच माणसं उरतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या मजल्यावर आठवडाभर कोणी नीट जेवलं नाही. त्यांना डेटा सेंटर सामावून घेणार नाही. तरीही येऊ दे म्हणतोय मी. फक्त मीटर सगळ्यांना दिसू दे.

सोमवारी एमआयडीसीकडे माहिती अधिकाराचा अर्ज देतोय. हिंजवडीत डेटा सेंटरांसाठी किती पाणी मंजूर आहे, प्रत्यक्षात किती उचललं जातं आणि त्यातलं शुद्ध केलेलं सांडपाणी किती, हे तीन प्रश्न. व्यापारी गुपिताचं कलम पुढे करतील, कलम ८(१)(घ). पण व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, हेही त्याच कलमात लिहिलंय. ते अर्जातच घालतो.

गणेशखिंडकर

अर्जाला माझी हरकत नाही. उत्तर आलं की पूर्ण टाका, आपल्या सोयीचं तेवढंच नको.

वाकडचा वहीवाला

पानन् पान टाकेन.

चिलरवाला

आकडे महिन्यागणिक मागा, जानेवारी ते डिसेंबर वेगवेगळे. वर्षाची एकच बेरीज दिली तर मे महिना त्यात दिसणार नाही.