थायरॉइडची गोळी चालू, तरी काटा हलत नाही. मदत हवी आहे

वय ४१, राहायला भांडुप. फेब्रुवारीत टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइड मंदावला की वाढतो) १४ आला, ५० मायक्रोग्रॅमची गोळी लागली. तीन महिन्यांनी टीएसएच ८, पण वजन ६८ ला चिकटलंय ते चिकटलंयच. दीड वर्षापूर्वी ५९ होतं. बांगड्या साबण लावून काढते. भर मे महिन्यात लेडीज डब्यात बाकीच्या पंख्याखालच्या जागेसाठी धडपडतात, मी ओढणी गुंडाळून कोपऱ्यात!

जेवण वाढलेलं नाही. सासूबाई म्हणतात भात सोड, शेजारच्या काकू म्हणतात कोबी सोड. ऑफिसातली एक म्हणते, दोन गोळ्या घे, झरझर उतरशील. डॉक्टरांकडे मिळतात पाच मिनिटं.

या ९ किलोंत थायरॉइडचे किती आणि माझ्या बैठ्या नोकरीचे किती? गोळी एकही दिवस चुकवत नाही हो. सकाळच्या चहाबरोबर घेते, कॅल्शियमचीही तेव्हाच उरकते, नाहीतर डब्याच्या गडबडीत राहून जाते.

प्रतिसाद:
ताई, घोळ त्या चहातच आहे. गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तास लांब, नाहीतर ही पोटातच अडकते, रक्तात पुरेशी उतरत नाही. मी स्वतः वर्षभर हाच उद्योग केलाय.

वजनाचं म्हणाल तर थायरॉइड मंदावला की वाढतं ते बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. साधारण २ ते ५ किलो त्याच्या नावावर टाका. उरलेल्यांसाठी चालणं आणि ताटाकडे बघणं आलंच. बांगड्या बहुतेक आधी सैल होतील, काटा मागून. डोस मनाने अजिबात वाढवू नका, छातीत धडधड होते, हाडंही ठिसूळ होतात. गोळीची वेळ बदलल्याचं डॉक्टरांना सांगा, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा. कोबी शिजवून खुशाल खा.

धागाकर्ती:
अरे देवा, चहा! आमच्याकडे पाचला पाणी येतं, पिंप भरता भरता गोळी घेईन, चहा सहाला. कॅल्शियम रात्री जेवल्यावर चालेल ना?

प्रतिसाद:
चालेल काय, पळेल.