जर्मन शिकवताना छोट्या पोस्ट : लेखनाचा सराव की लेखनाची पळवाट? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

कर्मधारय
परकीय भाषेच्या वर्गात लेखन म्हटलं की आठवड्याला एक निबंध. तो तपासून हातात पडेपर्यंत पुढचा धडा सुरू झालेला असतो. माझं ठाम मत आहे की ए-१, ए-२ या सुरुवातीच्या पातळ्यांवर एक्स (पूर्वीचं ट्विटर) किंवा त्याच्यासारख्याच मॅस्टोडॉनवरची छोटी पोस्ट वहीपेक्षा जास्त कामाची. रोज एक पोस्ट, तीन वाक्यं आणि आठवडाभर व्याकरणाचा एकच मुद्दा.

समजा 'पर्फेक्ट' हा भूतकाळ चालू आहे. मग सात दिवस विषय एकच : काल काय केलं? 'आउफश्टेएन' म्हणजे उठणे. नवखी मुलं हमखास 'इश हाबे आउफगेश्टांडेन' (मी उठलो) लिहितात. तिथे सहायक क्रियापद 'हाबे' नको, 'बिन' हवं, कारण उठण्यात अवस्था बदलते. निबंधात ही चूक एकदा होते आणि लाल शाईखाली विरून जाते. रोजच्या पोस्टमध्ये तीच पुन्हा पुन्हा समोर येते आणि दुसऱ्याच्या पोस्टमध्येही दिसते.

अनुस्वार
साफ असहमत. एक्सच्या मोफत खात्याच्या २८० अक्षरांत, मधल्या जागा धरून, जर्मनचे जेमतेम चाळीस शब्द बसतात. गोएथे संस्थेच्या बी-१ (ए-२ च्या वरची पातळी) परीक्षेत लेखनाला ६० मिनिटं आणि तीन प्रश्न असतात : पहिले दोन साधारण ८० शब्दांचे, तिसरा ४० चा. म्हणजे तुमच्या सरावाने फक्त तिसरा प्रश्न सुटतो. पहिल्या दोघांत मार्क जातात ते वाक्यं एकमेकांना जोडता न आल्याने. 'वाइल' (कारण), 'ओबवोल' (जरी), 'देसहाल्ब' (म्हणून) लावायची वेळच तुटक तीन वाक्यांत येत नाही. खरं तर 'वाइल'नंतर क्रियापद शेवटी जातं, अगदी मराठीसारखं : 'वाइल इश म्यूडं बिन', 'कारण मी दमलेला आहे'. मराठी मुलांना फुकट मिळणारी ही गोष्ट तुम्ही वापरतच नाही.

कर्मधारय
बी-१ बद्दल मान्य. म्हणूनच मी ए-२ वर थांबलो. तिथल्या परीक्षेत २० ते ३० शब्दांचा एसएमएस आणि ३० ते ४० शब्दांचा ईमेल असतो, म्हणजे पोस्टच्याच मापाचं लेखन. आणि 'वाइल' सक्तीचं करता येतं : तीनपैकी एका वाक्यात आलंच पाहिजे. मॅस्टोडॉनची मूळ मर्यादा ५०० आहे, तिथे तर आरामात बसतं.

तळटीप
दोघांनीही कीबोर्डचा विचार केलेला नाही. फोनचा जर्मन कीबोर्ड नामाचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करून देतो, पुढचा शब्दही सुचवतो. तपासणाऱ्याला वाटतं, मुलाला येतंय. परीक्षेच्या कागदावर सगळी नामं लहान अक्षरांत उतरतात. जर्मन मांडणी ठेवा (उम्लाउट, म्हणजे ä, ö, ü ही अक्षरं, हवेत), पण ऑटोकरेक्ट आणि शब्दसूचना दोन्ही बंद करायला लावा. आणि ए-२ च्या पोस्टमध्ये अचानक 'हेटं इश गेवुस्ट' (मला माहीत असतं तर) असं वरच्या पातळीचं रूप दिसलं, तर ते भाषांतराच्या ॲपमधून आलेलं असण्याचीच शक्यता जास्त. तोंडी विचारा, लगेच कळतं.

अनुस्वार
आणि वाचनाचं काय? टाइमलाइनवर खरे जर्मन लोक 'हाबे'चं 'हाब' करतात, 'निश्ट्स'ला (काही नाही) 'निक्स' लिहितात, नामं सर्रास लहान अक्षरांत टाकतात. शिकणारा तेच उचलतो. जपानीत हे आणखी वाईट : वर्गात 'देस-मास' ही आदरार्थी रूपं शिकवतात आणि पोस्ट सगळ्या साध्या रूपात, त्यात 'वा' आणि 'ओ' हे प्रत्यय गाळलेले. शिवाय एक्सच्या मोफत खात्यावर जपानीला आजही १४० चीच मर्यादा आहे, कारण तिथलं एक अक्षर दोन मोजतात. पण कांजीमुळे (चिनी चित्रलिपीतली अक्षरं) त्या १४० मध्ये एवढा मजकूर मावतो की एन-५ चा, म्हणजे सर्वात खालच्या पातळीचा, विद्यार्थी एका पोस्टवर अर्धा तास अडकतो.

तळटीप
म्हणून सुरुवातीला वाचन मोकळं सोडूच नये. वृत्तसंस्था, रेल्वे, हवामान खातं अशी प्रमाण भाषेतली आठ-दहा खाती शिक्षकाने निवडून यादी करून द्यावी. बोलीतलं 'हाब' बी-१ नंतर, आणि तेही 'हे बोलताना चालतं, परीक्षेत नाही' असं सांगून.

वेलांटी
सगळ्यांसमोर चुका दाखवण्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि मला तेच सर्वात महत्त्वाचं वाटतं. एका पोस्टखाली पाच दुरुस्त्या आल्या की लाजरं मूल दुसऱ्या दिवसापासून लिहीत नाही. शिक्षकाने चूक सांगू नये, बरोबर रूप वापरून उलट प्रश्न विचारावा : 'वान बिस्ट डू आउफगेश्टांडेन?' (तू कधी उठलास?) मूल उत्तर देताना 'बिन' आपसूक लिहितं. बाकीच्या चुका त्या आठवड्यापुरत्या सोडा.

खात्यांचंही बघा. मॅस्टोडॉनवर 'फक्त फॉलोअर्सना' एवढं निवडून भागत नाही. फॉलो करायला मंजुरी लागेल, असं सेटिंग आधी चालू करावं लागतं, नाहीतर कुणीही फॉलो करून वाचतो. अठराच्या आतली मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी हवी. खरं नाव, फोटो, शाळा काही नको.

अनुस्वार
उलट प्रश्नाची पद्धत पटली. पण माझी अट कायम : आठवड्यातल्या सात पोस्ट शनिवारी वहीत घेऊन, त्यांना जोडशब्द लावून ८० शब्दांचं एक पत्र हाताने लिहून घेणार असाल, तरच पाठिंबा.

कर्मधारय
शनिवारचं पत्र मंजूर. मात्र बुधवारपर्यंत तपासून परत द्यायचं, नाहीतर फिरून निबंधाचीच गत.