एका लग्नाचे ४,२०० फोटो, निवडायला चार रात्री. काय चुकतंय?

मखमलाबाद_कँडिड:
नमस्कार मंडळी. तिसरा सीझन चालू आहे. एकट्याचं काम, दुसऱ्या कॅमेऱ्यावर मामेभाऊ. परवा औरंगाबाद रोडच्या एका लॉन्सवर गोरज मुहूर्ताचं लग्न केलं. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोघांचे मिळून ४,२०० फोटो, सगळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइली, साधारण १०५ जीबी. चार रात्री लाइटरूम हे फोटो निवडायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर उघडून बसतोय, निम्मेच झालेत. फोटो उघडला की चक्र फिरतं, मग झूम करून डोळे बघतो, मग "मागचा बरा होता का?" म्हणून परत मागे. त्यात मामेभावाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे, त्यामुळे अंतरपाट धरायच्या आधीच अक्षता पडताहेत! पार्टीचा रोज फोन. नको ते सरळ उडवले तर डिस्कही मोकळी होईल, असं डोक्यात आहे. तुम्ही कसं करता?

सिडको_शटर:
भाऊ, चक्र फिरतं ते प्रिव्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दाखवायची प्रत, तयार होईपर्यंत. इम्पोर्ट करताना प्रिव्ह्यूला 'एम्बेडेड अँड साइडकार' निवड. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं ठेवलेला जेपेगच तो दाखवतो. फोटो मेकॅनिक हे दुसरं सॉफ्टवेअर झपाझप चालतं तेही याच कारणानं. कॅप्स लॉक चालू ठेव. पी दाबलं की ठेवला, एक्स दाबलं की बाद, पुढचा फोटो आपोआप येतो.
घड्याळासाठी दोन्ही कॅमेऱ्यांत टिपलेला एकच क्षण शोध. मग मामेभावाचे सगळे फोटो सिलेक्ट करून 'एडिट कॅप्चर टाइम'मध्ये फरक भर. पुढच्या वेळी लग्नाच्या सकाळी दोघांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढा, सेकंदकाट्यासकट.

भांडीबाजार_काका:
वरचं सगळं बरोबर आहे. पण लेका, उडवायचं तेवढं सोड.
माझं सांगतो. सिन्नरचं लग्न. मी तेव्हा फार कडक होतो. डोळे मिटले, हात हलला की डिलीट. अल्बम द्यायला गेलो तर नवऱ्याची थोरली आत्या शेवटच्या पानापर्यंत गेली आणि परत पहिलं पान उघडून बसली. ती कुठेच नव्हती. औक्षण करतानाचा तिचा एकच फोटो होता, निरांजनाच्या धुरानं डोळे मिटलेले. तो मीच उडवलेला. "असू दे, आमचं काय काम असतं फोटोत," एवढंच म्हणाली. बाकीचे आठ हजार रुपये हातात पडायला दिवाळी उजाडली.
तेव्हापासून पहिल्या फेरीत झूम नाही. फोटोला तीन सेकंद धरले तरी तुझं लग्न साडेतीन तासांत बघून होतं. दुसऱ्या फेरीत एकेक विधी घ्यायचा. लाजाहोमाचे सत्तर असतील तर सहा ठेव, तिथे बाद करायला हात आखडू नको. मग करवलीकडून घरच्यांची यादी मागव आणि माणसं मोज. ज्याचा एकच फोटो आहे तो हललेला असला तरी राहतो. एक्स मारलेले अल्बम पास होईपर्यंत डिस्कवरच पडू देत.
आणि डिस्क म्हणशील तर दोन प्रती एका कपाटात ठेवू नकोस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर येऊन नाशिकचा दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा माझ्या दुकानात पाणी शिरलं. मूळ डिस्क आणि बॅकअप एकाच खणात होते, दोन्ही गेले. आता एक प्रत नाशिकरोडला मेव्हण्याकडे असते. कार्डं तर दोन प्रती उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅटच करत नाही.

मखमलाबाद_कँडिड:
काका, नवरीच्या बहिणीकडून यादी घेतली. ४३ नावं. धाकटी काकू कुठेच दिसेना, पोटात गोळाच आला. बाद केलेल्यांत शोधतोय.

मखमलाबाद_कँडिड:
सापडल्या! मामेभावाच्या कार्डात, पंगतीत वाढताना. अर्धा चेहरा जिलबीच्या परातीआड आणि फोकस मागच्या खुर्चीवर. एक्स काढला.