"अल्गोरिदम निवडायला आता माणूस कशाला?" या पोस्टला माझं उत्तर

क्लस्टरवाला (छत्रपती संभाजीनगर)
काल इथं एकानं लिहिलं, "कामांचा क्रम कोणत्या अल्गोरिदमनं लावायचा हे आता मशीनच ठरवते, माणसानं मध्ये पडून घोळ घालू नये." वाचून रात्री झोप लागली नाही. म्हणून जरा लांब लिहितोय.

मी एका कॉलेजचं क्लस्टर, म्हणजे मोठी गणितं चालवायला जोडलेल्या कॉम्प्युटरांचा संच, सांभाळतो. गेल्या वर्षी स्लर्ममधल्या (कामांची रांग लावणारा प्रोग्राम, म्हणजे शेड्युलर) प्राधान्याची वजनं आपोआप ठरवणारी स्क्रिप्ट लावली. तिला माप दिलं: सरासरी थांबा कमी कर. तिनं केला. छोटी कामं पुढं, मोठी मागं. पावसाच्या मॉडेलवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं काम सहा दिवस रांगेत पडून. ती रोज सकाळी यायची, तिच्या ओळीत 'पीडी' (म्हणजे अजून थांबलेलं), शेवटी कंसात कारण 'प्रायॉरिटी' (प्राधान्य कमी). सरासरीचा आलेख खाली चालला होता, त्यामुळं कुणालाच शंका आली नाही. कॉन्फिग उघडलं तेव्हा कळलं, रांगेतल्या वयाला, म्हणजे काम किती वेळ थांबलंय त्याला, दिलेलं वजन शून्य.

संगणकशास्त्रज्ञ जॉन राइस यांनी १९७६ साली अल्गोरिदम-निवडीचा प्रश्न मांडला, त्यात चार गोष्टी आहेत: प्रश्न, प्रश्नाची लक्षणं, हाताशी असलेले अल्गोरिदम आणि कामगिरीचं माप. मशीन लक्षणं बघून अल्गोरिदम उचलते. माप माणूसच देतो. मग माणूस कुठं गेला?

वाळूज_सेकंड_शिफ्ट
सर, माप तुम्ही चुकीचं दिलं आणि राग मशीनवर काढताय. वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ मध्ये दाखवलंय, सगळ्या शक्य प्रश्नांवर सरासरी काढली तर कुठलाच अल्गोरिदम दुसऱ्याहून सरस ठरत नाही. म्हणजे समोरचा प्रश्न बघूनच निवड करावी लागते. सॅटझिला नावाचा प्रोग्राम तेच करायचा: प्रश्नाची लक्षणं मोजायची, कुठल्या सॉल्व्हरला (प्रश्न सोडवणाऱ्या प्रोग्रामला) किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा, मग त्यातला एक निवडायचा. २००७ च्या सॅट स्पर्धेत (तर्काचे प्रश्न सोडवणाऱ्या प्रोग्रामांची स्पर्धा) त्यानं सुवर्णपदकं घेतली. हा अंदाज हातानं लावणारा एक माणूस दाखवा.

आमच्या कारखान्यातल्या शॉपमध्ये सुपरवायझर तोंडी क्रम लावायचा. ज्या गिऱ्हाइकाचा फोन आधी, त्याचा जॉब आधी. दिवसात चार-चार वेळा डाय (मशीनमधला साचा) बदलायची आणि ओव्हरटाइम आमच्या डोक्यावर. मला ते दिवस परत नकोत.

खोडवा_बीड
वाळूजच्या भावाशी शंभर टक्के सहमत. माणसाच्या हाती क्रम दिला की काय होतं ते उसाच्या तोडीत बघा. माझी लागवडीची नोंद जानेवारीची, शेजाऱ्याची मार्चची. त्याचा ऊस माझ्या तीन आठवडे आधी गेला. चिटबॉयला (तोडीची वही सांभाळणारा कारखान्याचा माणूस) विचारलं तर "यादी वरून आली." माझ्या उसाला तुरे आले, उन्हानं वजन घटलं, आणि शेवटी तोडणाऱ्या टोळीला वरून खुशालीचे पैसे मोजले तेव्हा फडात कोयता लागला. २०२१-२२ च्या हंगामात तर आपल्याकडं जूनपर्यंत गाळप चाललं, पोटच्या पोरासारखा वाढवलेला ऊस डोळ्यासमोर वाळला. कुठलंही मशीन लावा, चिटबॉयपेक्षा बरंच असेल.

क्लस्टरवाला
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण विषय शेड्युलरचा आहे.

खोडवा_बीड
मग हे काय आहे? कारखान्याची एक गव्हाण (ऊस गाळपाला टाकायची जागा), हजार फड, प्रत्येकाला नंबर पाहिजे. तुमच्या पोरीचं काम सहा दिवस थांबलं तर एवढं लिहिलंत, माझा ऊस दोन महिने उभा होता.

क्लस्टरवाला
...बरोबर आहे. हाच प्रश्न आहे, मीच तोडून बोललो.

नांदेड_सीएस
मी कॉलेजात हाच विषय शिकवते आणि माझे आईवडील केज तालुक्यातून तोडीला जायचे, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला तर उतारा (उसातून निघणारी साखर) टिकतो. म्हणजे प्रत्येक मोळीला डेडलाइन. एका प्रोसेसरवर ज्याची मुदत आधी त्याला आधी घ्यायचं, तर भार क्षमतेच्या आत असेपर्यंत एकही मुदत चुकत नाही, हे लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ ला सिद्ध केलं. पण कामं मध्येच थांबवता येतात आणि ठरावीक वेळानं येतात हे त्यांनी धरलंय. आणि भार वर गेला की हाच नियम एकामागून एक मुदती चुकवत जातो. २०२१-२२ ला ऊसच क्षमतेच्या वर होता. तिथं कुठला अल्गोरिदम निवडणार?

आणि तुम्ही तिघंही शेतकरी, कारखाना, सरासरी एवढंच बोलायलेत. रात्री दोनला ट्रक आला की आई मला झोपेतून उठवायची, मोळ्या डोक्यावर द्यायला. मी तेव्हा आठवीत होते. वेळापत्रकात ट्रकचा रिकामा वेळ मोजला होता, आमची झोप कुणी मोजली होती?

वाळूज_सेकंड_शिफ्ट
ताई, सगळंच मापात घालायचं म्हटलं तर मॉडेल सुटायचंच नाही. नाहीतरी जॉब शॉप (अनेक मशीनवर अनेक कामांचा क्रम लावायचा प्रश्न) एनपी-हार्ड आहे, म्हणजे कामं वाढली की अचूक उत्तर झटपट काढायची पद्धत कुणाला माहीत नाही.

नांदेड_सीएस
एनपी-हार्ड म्हणून माणसं वगळायची? टोळीच्या दोन पाळ्यांमध्ये सात तासांची विश्रांती, ही एक अट घातली तर तुमचा सॉल्व्हर मरत नाही. उलट शोधायची जागा कमी होते. तुम्हाला कुणी ती अट सांगितलीच नाही, एवढंच.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
ठीक आहे. अट घालता येते, हे मान्य. माप ठरवताना फडातला माणूस समोर हवा, हेही मान्य. पण क्रम सुपरवायझरच्या फोनवर नको, यावरून मी हटणार नाही.

क्लस्टरवाला
त्यावरून मीही हटायला सांगत नाही. मी वयाला वजन दिलं, दुसऱ्या दिवशी त्या पोरीचं काम लागलं. स्क्रिप्ट अजून चालूच आहे. फक्त आता आठवड्याला सगळ्यात जास्त थांबलेलं काम कोणाचं, हे मी स्वतः बघतो.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
खोडवा दादा, तुमच्या गटाच्या नोंदीच्या तारखा आणि प्रत्यक्ष तोडीच्या तारखा पाठवा. कोण किती दिवस मागं गेला, ते मी दोन दिवसांत काढून देतो.

खोडवा_बीड
माझ्याकडं माझ्या एकट्याची पावती आहे. बाकीची वही चिटबॉयकडं.