कंपनी बंद पडली, पीएफमधून पैसे काढायचेत. आधी काय करावं?

प्रश्न – काठावरचा
कंपनी बंद झाली. तिथे 4 वर्षं झाली होती. त्याआधी दुसऱ्या ठिकाणी 3 वर्षं. तो पीएफ तसाच पडून आहे. दोन्हीकडचे मिळून साधारण 2,80,000 रुपये. आईचं ऑपरेशन आणि घराचे थकलेले हप्ते, दोन्ही डोक्यावर आहे. सगळे पैसे काढता येतील का? टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा कर) कापतील का?

हिशेबनीस
आधी जुनं खातं नव्यात ट्रान्सफर करा, मगच पैशांसाठी अर्ज. घाई असली तरी हा क्रम मोडू नका. सलग सेवा 5 वर्षांहून कमी दिसली आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असली, की 10 टक्के टीडीएस कापतात. पॅन जोडलेला नसेल तर 20. तुमची 4 आणि 3 जोडली की 7 होतात, प्रश्नच मिटतो. कंपनी बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल तर 5 वर्षांची अट तशीही लागत नाही, पण ते कागदोपत्री पटवत बसण्यापेक्षा ट्रान्सफर सोपं.

सगळे पैसे लगेच मिळतील असं धरू नका. पूर्वी 2 महिने बेकार राहिलं की पूर्ण रक्कम मिळायची. 13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की 75 टक्के लगेच आणि उरलेले 25 टक्के 12 महिन्यांनी. तुमच्या आकड्यावर लगेचचे 2,10,000 होतात. तरी अर्ज उघडल्यावर पीएफचं पोर्टल जी रक्कम दाखवेल तीच खरी धरा आणि हप्त्यांबद्दल बँकेशी आत्ताच बोलून ठेवा.

मीटरगेज
बंद कंपन्यांत घोडं हमखास अडतं ते नोकरी सोडल्याच्या तारखेवर. ती भरायला ऑफिसात कोणी उरलेलं नसतं. शेवटची वर्गणी जमा होऊन 2 महिने झाले की पोर्टलवरच्या 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'मध्ये जाऊन आधारच्या ओटीपीने तुम्ही स्वतः भरू शकता. पासबुकात शेवटची वर्गणी ज्या महिन्याची दिसते, त्याच महिन्यातली तारीख टाका. एकदा भरली की स्वतःला बदलता येत नाही, म्हणून पासबुक समोर ठेवूनच भरा.

आधार, पॅन आणि यूएएनवरचं (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, तेही बघा. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर जुना आयएफएससी बदलून घ्या, नाहीतर क्लेम परत येतो. चेकचा फोटो मात्र एप्रिल 2025 पासून लागत नाही.

काठावरचा
धन्यवाद. पीएफ काढायच्या 31 नंबरच्या फॉर्मसोबत पेन्शनचा 10सी फॉर्म पण भरून टाकू का? तेवढेच पेन्शनचे पैसे हाती येतील.

हिशेबनीस
कळकळीने सांगतो, नका भरू. पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते, तुमची 7 झालीये. 10सी भरून पैसे उचलले की ती 7 वर्षं पुसली जातात आणि पुढच्या नोकरीत शून्यापासून मोजणी सुरू होते. नोकरी लागायला वेळ लागणार असेल तर त्याच फॉर्ममध्ये पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली सेवा जपून ठेवणारं प्रमाणपत्र मागा. आणि ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर घाबरू नका. पेन्शनची रक्कम तिकडे हलत नाही, फक्त सेवेचा काळ जोडला जातो.