थांबलात तर अटेम्प्ट जात नाही
‘फॉर्म भरलाय ना, मग तयारी असो-नसो पेपरला बसायचंच, माघार नाही’ असं एक मत वाचून माझं सत्ताविसाव्या वर्षीचं डोकं आठवलं. जिद्दीबद्दल वाद नाही, पण यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेपुरता तरी हा हिशेब उलटा आहे. फॉर्म भरून गैरहजर राहिलात तर अटेम्प्ट मोजत नाहीत. पूर्व परीक्षेच्या दोनपैकी एका पेपरला जरी बसलात, की मोजला! खुल्या प्रवर्गाला सहा अटेम्प्ट आणि वयाची अट ३२ (ओबीसींना नऊ आणि ३५). म्हणजे वर्षभर थांबलं तर वय खर्च होतं, अटेम्प्ट शिल्लक राहतो. ज्याचं वय हाताशी आहे त्याने हे आधी वहीत मांडावं.

मी तिसऱ्या खेपेला मांडलं नाही. महिनाभर आधी टायफॉइड, उजळणी शून्य, तरी सदाशिव पेठेतले रूममेट काय म्हणतील म्हणून गेलो. सीसॅटलाच, म्हणजे पूर्वच्या दुसऱ्या पेपरलाच गचकलो, जिथे पात्रतेला नुसते ३३ टक्के लागतात. पुढच्या वर्षी फॉर्मच भरला नाही, नोकरी धरली. घरी सांगितलं तर वडील फक्त ‘बरं’ म्हणाले; आईला मेसचा डबा सुटल्याचाच आनंद जास्त. चौथा अटेम्प्ट नोकरी सांभाळून दिला आणि पहिल्यांदाच मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो. निवड नाही झाली. उरलेले दोन तसेच पडून आहेत, वय मात्र उलटून गेलं.